गेटकडची खिडकी

मुलीच्या इंटरनॅशनल शाळेच्या ऑफिसात एक बाई बसतात. त्यांच्या टेबलाशेजारची खिडकी गेटकडे उघडते. बाई सगळ्यांशी हिंदीत बोलतात, तेही मोजकंच. पण गेटवर कोणी बोलायला लागलं की त्यांचं टायपिंग थांबतं, आणि तो गेला की पुन्हा सुरू होतं. मला ते कधीच बरं वाटलं नाही.

प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषेपुढे मी हिंदी लिहिलं होतं. मध्य प्रदेशात, इथे बालाघाटात, आमच्या मराठी घरांतले बरेच जण तसंच लिहितात, कोणी पुढे विचारत नाही. परवा शाळेच्या भाषा-उत्सवाची यादी लागली. माझ्या मुलीच्या नावापुढे मराठी होतं, आणि आजीकडून एक गाणं शिकून यायचं होतं.

"मॅडम, मैंने तो हिंदी लिखा था," मी म्हणालो.

मान वर न करता त्या पहिल्यांदाच मराठीत बोलल्या. "हौ. पण गेटवर पोरीले कोणत्या भाषेत रागावता, ते मी रोज ऐकते ना."

आणखी काय काय ऐकलंय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तेव्हापासून गेटवर मी मुलीला हिंदीत रागावतो. ती अजिबात घाबरत नाही. आणि खिडकीतलं टायपिंग थांबलेलं असतं.