कुंड्यांची संख्या लिहावी

परक्या माणसाने आत कसं यावं, या विषयावर आमच्या मामांइतका विचार जगात दुसऱ्या कोणी केला नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांचा सगळा जन्म तपासणी विभागात गेला, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी इंदिरानगरच्या घराच्या गच्चीवर गुलाब लावले. एकशे बारा कुंड्या. बंगळूरच्या मुलीने जुना कंप्युटर पाठवला, तेव्हा मामांनी इंटरनेटवर 'गुलाब मंडळी' नावाचा एक गट काढला. सांगली, इंदूर, मस्कत अशा ठिकाणचे गुलाबवेडे त्यात पत्रं लिहीत आणि प्रत्येक पत्र मामांनी वाचून पुढे सोडल्याशिवाय कोणाला दिसत नसे. नव्याने येणाऱ्याला मामा आधी सतरा नियमांची यादी पाठवत. यादीचं नाव होतं 'नवागतांसाठी नम्र सूचना'. त्यात नम्रता फक्त नावापुरती होती.

पहिला नियम, आधी ओळख द्यावी: नाव, गाव, कुंड्यांची संख्या, खत कोणतं. ओळख दिल्याशिवाय प्रश्न विचारणं म्हणजे चपला घालून देवघरात शिरणं, असं त्यांचं मत. दुसरा, जुनी पत्रं वाचल्याशिवाय नवा प्रश्न विचारू नये. तिसरा, सगळी मोठी अक्षरं वापरू नयेत. त्या काळी मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहावी लागे, आणि सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं की ते ओरडल्यासारखं होतं, हे मामांनी कुठेतरी वाचलं होतं. नववा नियम मोठे फोटो पाठवू नयेत हा होता, आणि त्यामागे इतिहास होता. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी फुललेल्या गुलाबाचा म्हणून एक फोटो पाठवला. तो उतरायला पाऊण तास लागला, इंटरनेट फोनच्याच तारेवरून येई म्हणून तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडला, आणि मामींच्या बहिणीला स्टेशनवरून फोन लागेना म्हणून ती सामान घेऊन रिक्षाने आली ती भांडतच. फोटो उघडला तर फूल नव्हतंच, नुसती कळी होती. मामांनी डॉक्टरांना महिनाभर पत्र लिहिण्यास मनाई केली. बाराव्या नियमात 'तातडीचे' हा शब्द वापरण्यास बंदी होती. "गुलाबाला कधी घाई नसते," मामा म्हणत, "घाई माणसाला असते."

हळूहळू हे नियम गच्ची उतरून खाली आले. शेजारी नवीन भाडेकरू आले तेव्हा मामांनी दारातच त्यांची सविस्तर ओळख मागितली आणि ते वाटीभर साखर मागायला आले आहेत, हे समजायला दहा मिनिटं गेली. माझं लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी मला विचारलं होतं, "जावईबापू, आमच्या घराबद्दल आधी काही वाचलंय का?"

एका पावसाळ्यात गटाकडे एक पत्र आलं. सगळी मोठी अक्षरं, खाली नाव नाही. "गुलाबाची पानं काळी पडून गळतात. काय मारू. लवकर सांगा." मामांनी पाहता पाहता पाच नियमांचा भंग मोजला आणि सूचनांची यादी पाठवून दिली. तीन दिवसांनी उत्तर आलं : "मंदा, सायखेडा. अर्धा एकर." मामांना ही थट्टा वाटली. त्यांनी शांतपणे कळवलं, "कुंड्यांची संख्या लिहावी." आणखी चार दिवस गेले. मग आलं : "कुंडी नाही. रान आहे." मामांनी लिहिलं की रान असल्यास रोपांची संख्या व खताचा तपशील द्यावा. त्यानंतर पत्र आलं नाही.

मामा वाट पाहू लागले. आठवडा गेला. मामींना राहवलं नाही. "अहो, दवाखान्यात कोणी उलट्या करत आलं तर आधी त्याला छंद विचारतात का?" मामांनी कंप्युटर उघडून तिन्ही पत्रांचे वार पाहिले आणि ते म्हणाले, "ही बाई फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात येते, त्याच दिवशी तिथल्या सायबर कॅफेतून लिहिते. मी तिच्या तीन फेऱ्या घालवल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही सायखेड्याला गेलो. गुलाबाचं रान विचारत पोहोचलो, तर एक पस्तिशीची बाई कोयत्याने झाडं बुंध्यापासून तोडत होती. अर्ध्या रानात नुसती खोडं उभी होती. मामा बांधावर थांबले, टोपी काढली आणि त्यांनी स्वतःची ओळख दिली. पूर्ण नाव, गाव नाशिक, कुंड्या एकशे बारा, खत शेणाचं व हाडांच्या चुऱ्याचं. बाईने कोयता खाली केला आणि मला विचारलं, "यांना काय व्हतंय का?"

"मीच तो," मामा म्हणाले. "कुंड्या विचारणारा."

ती बांधाजवळ आली. "लय उशीर केला तुमी. धनी म्हनले, उपटून टाक, कांदे लावू. निम्मं तोडलं बी."

"उरलेलं तोडू नका," मामा म्हणाले. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात विनंती होती. त्यांनी एक पान खुडून उन्हात धरलं, काळे ठिपके दाखवले. गळलेली पानं वेचून जाळा, पाणी पानांवर नको, बुडाशी द्या, तेही सकाळी. बुरशीचं औषध ते पिशवीत घेऊनच आले होते. मग धोतर वर खोचून ते स्वतःच पानं वेचायला बसले. दुपारपर्यंत आम्ही तिघे सरीसरीने वेचत होतो. भाकरी खाताना मंदाताई म्हणाल्या, "मामा, तुमाला नीट बोलता येतं की. मग त्या कंप्युटरात असं का बोलता?"

मामांनी ठेचा जास्त झाल्याचं सांगून पाणी मागितलं.

उरलेलं रान वाचलं. दसऱ्याला तिथली फुलं बाजारात आली. मामांनी सतरा नियमांतला एकही काढला नाही; फक्त सगळ्यांच्या वर एक नवा घातला : 'झाड मरत असेल तर खालचे नियम नंतर वाचावेत.' पुढे मंदाताई गटात रीतसर आल्या आणि लोकांना उत्तरंही देऊ लागल्या, कायम मोठ्या अक्षरांत. इंदूरच्या एका सदस्याने तक्रार केली, तेव्हा मामांनी त्याला लिहिलं, "त्या रानातून बोलतात. लांबून बोलताना आवाज चढतोच."

नंतर लोक इंटरनेटवरच्या फोटोंच्या नव्या नव्या ठिकाणी पांगले. गटात महिन्याला एखादं पत्र येई, मग तेही येईना. मामी गेल्यावर मुलीने मामांना बंगळूरला नेलं. कुंड्या टेंपोने सायखेड्याला मंदाताईंकडे गेल्या. टेंपोत प्रत्येक कुंडी नीट बसली का, हे मामांनी चढून तपासलं, आणि मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

हिवाळ्यात दर रविवारी त्यांचा फोन येतो. इकडची तिकडची चौकशी न करता ते विचारतात, "नाशिकला आज थंडी किती?" थंडी वाढली की गुलाब मोठा होतो, हे मला आता ठाऊक आहे. मी वर्तमानपत्रात पाहतो, आणि एखादा अंश कमी करून सांगतो.

"अरे वा," मामा म्हणतात, आणि थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतात.