इस्मानालीनं घातलेली छपरं

शेजारच्या उल्कान एजेच्या, म्हणजे उल्कानताईच्या, घराचे पत्रे उतरवायला गल्लीतले लोक जमले. इर्जिकीला आलेल्यांना, जपून उतरवा, असं सांगणार कोण? फुकट राबायला आलेल्या माणसाला यजमानानं काम शिकवणं म्हणजे आमच्या कोचकोर गावात त्याच्या थोबाडीत मारणंच. त्यानं राबायचं, आपण मेंढा कापायचा आणि मुकाट्यानं वाढायचं. आणि आमचे लोक जुना पत्रा उतरवतात तो हातोडीनं फोडून, वरून अंगणात भिरकावून.

एजेचा नवरा इस्मानाली पत्र्यांचा कारागीर. गल्लीतली जवळजवळ सगळी छपरं त्यानंच घातलेली. तोंडाला कधी फडकं नाही. चकतीच्या करवतीनं पत्रे कापून भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी यायचा. बऱ्याच वर्षांनी त्याला धाप लागू लागली. बिश्केकच्या डॉक्टरनं फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग सांगितला आणि विचारलं, हे अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करायचे का? एजे नाही म्हणाली. ते नावच तिनं ऐकलं नव्हतं. आम्ही त्या पत्र्याला शिफर म्हणतो.

शिफर म्हणजे तेच, हे तिला मी सांगितलं, बांधकामाचं शिक्षण संपवून परत आल्यावर. तिनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, कुणापाशी बोलू नकोस. तो गेला तेव्हा गावाला तिनं सर्दी छातीत बसली असं सांगितलं होतं. खरं कळलं तर नवऱ्यानं लोकांच्या डोक्यावर मरण घालून ठेवलं, असं झालं असतं.

पण आता छप्पर गळत होतं आणि नात अंगणात रांगू लागली होती. सून पेरिजातला आम्ही पोरीसकट माहेरी पाठवलं. पत्रे पाण्यानं भिजवायचे, खिळे हळूच उपसायचे, अख्खे पत्रे दोरानं खाली सोडायचे, जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून कचराडेपोच्या वेगळ्या खड्ड्यात पुरायचे, असं ठरलं. चांगले मास्क मी आणले. लोकांना सांगायला एजेनं थाप शोधली: नारीन शहरातल्या भावाला गोठ्यासाठी हवेत, एकही फुटता कामा नये.

थाप लागू पडली. पत्र्यांना आंघोळ घालतेस, आता साबणही लाव, असं कुणीतरी वरून म्हणालं. मास्क लावून सगळे एकमेकांना डॉक्टरसाहेब म्हणू लागले. पण पत्रे अख्खे उतरले.

जेवणं झाल्यावर काल्मुरात आक्सकाल, गल्लीतला सगळ्यात वडीलधारा, पत्र्यांकडे बघत म्हणाला, "नारीन लांब आहे, पोरी. हे मलाच दे. कापून कोंबड्यांचं खुराडं करतो."

त्याचा शब्द मोडायची रीत नाही. दोघं जण पत्रे उचलायला उठलेसुद्धा. एजेनं हातातली किटली खाली ठेवली.

"नाही द्यायचे, आक्सकाल."

"का गं? भाऊ काय बैलांसाठी राजवाडा बांधतोय?"

"गोठा नाही कुठला. खोटं बोलले मी. याच पत्र्याच्या धुळीनं गेले ते. सर्दी नव्हती."

कपाळावर चढवलेला मास्क एकानं हळूच नाकावर ओढला. काल्मुरातनं कुंपणापलीकडे आपल्या घराकडे बघितलं.

"माझेही त्यानंच घातलेत."

"तुमचेही. सगळ्यांचेच." ती पत्र्यांच्या आड येऊन उभी राहिली. "आहेत तसे राहू द्या. फोडू नका, घासू नका, कापू नका. उतरवायची वेळ आली की आधी मला हाक मारा."

इस्मानालीला कुणी नावं ठेवली नाहीत. पण जेवणानंतरच्या आशीर्वादात घरच्या गेलेल्यांची आठवण काढतात, त्यात त्याचं नावही कुणी घेतलं नाही. काल्मुरातनं मास्क मागून घेतला आणि पहिला पत्रा गुंडाळायला तोच खाली वाकला.

पत्रे पुरून झाले. एजेच्या घरावर आता लोखंडी पत्रा आहे, नात परत आली आहे. पण गल्लीत कुणी खोकलं की एजे हातातलं काम टाकून दारात येते, आणि तो खोकला थांबेपर्यंत तिथंच उभी राहते.