‘दिली’तला दीर्घ ई

माझ्या पत्नीचा आवाज गोड नव्हता.

सुमतीला जाऊन आज वर्ष झाले. या वर्षात भेटेल तो मला सांगतो, वहिनींचा आवाज किती गोड होता. हे विधान सद्भावनेने केलेले असले तरी चुकीचे आहे.

तिचा आवाज मोठा होता. आणि तो तिला उपजत मिळालेला नव्हता. साठी उलटल्यावर तिने तो कमावला.

तिचे वडील, अप्पा, जुन्या हुबळीत बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीत माइकशिवाय गात. गाणे त्यांनीच रचलेले. ध्रुवपद असे:

नव्हती ज्यांना, त्यांना वाट दिली.

अप्पा गेले, आणि ती ओळ लाऊडस्पीकरच्या गोंगाटात हरवली. सुमतीने ठरवले, ओळ मी घेईन. माइकशिवाय.

अप्पांचे जुने साथीदार रामण्णा तिला म्हणाले, “अक्का, बायकांचा आवाज चौकापर्यंत पोचत नाही.”

ती विद्याकडे गेली.

विद्या ही मळमड्डी भागातली गायनशिक्षिका, घरची कन्नड. ती बेल्टिंग शिकवते. म्हणजे छातीचा भरदार आवाज, न ओरडता, वरच्या सुरांपर्यंत नेणे. मी या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो, तेव्हा सुमती म्हणाली, “तुम्ही शब्द शोधा. तोवर मी शिकून येते.”

विद्याने आधी तिला गायला लावलेच नाही. सुटलेली बस थांबवायला कंडक्टरला जशी हाक मारतो, तशी मारायला लावली. घरी गच्चीवर तोच सराव. शेजारचे निवृत्त तहसीलदार येऊन विचारून गेले, सर, घरात सगळे ठीक आहे ना.

हाक जमली. ओळ जमेना.

सर्वांत वरचा सूर नेमका ‘दिली’तल्या ‘ली’वर येई. दीर्घ ईला तोंड मिटते, गळा आवळतो, आवाज फाटतो.

विद्याने उपाय सांगितला. “अक्का, ‘वाट दिला’ म्हणा की. आ आला की गळा उघडतो.”

मी तिथेच बसलो होतो. म्हणालो, “वाट स्त्रीलिंगी आहे.”

“सर, आमच्या कन्नडात वाट ना बाई, ना बाप्या.”

सुमती इतकी हसली की त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

जन्मभर मराठी शिकवलेला मनुष्य ‘वाट दिला’ सहन करू शकत नाही. घरी येऊन मी तोडगा काढला: वाटेऐवजी रस्ता घ्यावा. ‘नव्हता ज्यांना, त्यांना रस्ता दिला.’ व्याकरण शुद्ध, स्वर उघडा. मी स्वतःवर खूश होतो.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अप्पांचा शब्द बदलायचा नाही. तुमचं व्याकरण मोडायचं नाही. मग उरला माझा गळा. तोच बदलते.”

पुढे कित्येक महिने ती एका स्वराशी झुंजली. ओठ ईचे, आत जबडा सैल, जोर बरगड्यांतून. गळा दुखला की विद्या थांबवी. दुखणे म्हणजे चूक, असा तिचा नियम. सुमती घरी येऊन कोमट पाणी पिई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई.

सोडून दे, असे मी एकदा सुचवले. तिने माझ्याकडे असे पाहिले की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

पौर्णिमेला मिरवणूक अरुंद गल्लीत शिरली, तेव्हा तिने लाऊडस्पीकर बंद करायला सांगितला. मागे अडकलेला ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. तिने बरगड्यांवर हात ठेवला आणि ओळ घेतली.

‘ली’ लागला.

दीर्घ. शुद्ध. सबंध गल्लीभर.

हॉर्न थांबला. रामण्णा पार पुढे, चौकात, झेंडा धरून उभे होते. तिथून गर्दी कापत ते मागे आले.

“अक्का, परत घ्या. आम्ही मागून म्हणतो.”

आणि पुरुष मागून म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांतच आजाराने ती गेली. या वर्षीच्या पौर्णिमेला ओळ घ्यायला कोणी नव्हते; पुन्हा लाऊडस्पीकर लावला गेला.

मला ते मान्य नाही.

मी विद्याकडे जाऊ लागलो आहे. वय आड येते, कवळी आड येते, आवाज रोज फाटतो. तरीही येत्या पौर्णिमेला त्या गल्लीत लाऊडस्पीकर बंद असेल. ज्यांना मागून म्हणायचे असेल, त्यांनी यावे.

सुमती, तुला पूर्ण आवाजात अभिवादन.

नमो बुद्धाय.