पेवातला विळा

"पुन्हा वाच," सिंधूताई म्हणाल्या.

समतानं पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "सावळटेकच्या उत्खननात काही चूक झाली असेलच, तर ती अप्रशिक्षित मजुरांच्या निष्काळजीपणामुळे झाली असावी. दिवंगत डॉ. कारखानीस यांच्या सचोटीवर शंका घेणे अन्यायाचे ठरेल." हे म्हणणारे होते डॉ. बिडवई, कारखानीसांचे पट्टशिष्य.

"निष्काळजी?" सिंधूताईंनी हातातला उंडा परातीत आपटला. "सहा हिवाळे खणलं मी. माह्या हातून खापराचा एक तुकडा फुटला नाही, अन् मी निष्काळजी?"

तव्यावरची भाकर करपून गेली. मायलेकींपैकी एकीलाही तिची शुद्ध नव्हती.

सावळटेक बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावापासून जीपनं अर्ध्या तासावर. गावाच्या कडेला जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड आहे, त्याला सगळे पांढरी म्हणतात. पस्तीस वर्षांपूर्वी पुण्याहून डॉ. अविनाश कारखानीस तिथं खणायला उतरले, तेव्हा सिंधूताई इंगळे तेवीस वर्षांच्या होत्या. टोपली उचलायला म्हणून कामावर लागल्या. पण माती बदलली की या बाईला बोटांनी कळतं, हे साहेबांनी हेरलं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांच्या हाती खुरपी आणि ब्रश दिला. राख कुठली, जमीन कुठली, पडलेली भिंत कुठली, हे सगळं साहेबांनीच शिकवलं. गावातली मोठी घरं तेव्हा भीमनगरातल्या बाईच्या हातचं पाणी घेत नसत. कारखानीस मात्र सगळ्यांदेखत सिंधूताईंच्या घागरीतलं पाणी प्यायचे, ओट्यावर मांडी घालून ठेचा-भाकर खायचे. त्या माणसाविषयी वाकडं बोलायचं म्हटलं की म्हणूनच त्यांची जीभ अडायची.

पाचव्या हिवाळ्यात विळा सापडला. लोखंडाचा, गंजलेला, सोबत मूठभर जळके दाणे. खड्ड्याच्या अगदी तळाशी, जिथं सगळ्यात जुना थर होता तिथं. पण सिंधूताईंच्या बोटांना भोवतीची माती भुसभुशीत लागली. कडेनं त्यांनी हात फिरवला तर गोलाई निघाली.

"साहेब, हे पेवातलं होय," त्या म्हणाल्या. "वरच्या थरातल्या लोकायनं दाणे ठेवाले पेव खणलं, ते खाली पोचलं. विळा वरच्यायचा आहे, खालच्यायचा नाही."

कारखानीसांनी खाली उतरून त्या गोलाईवरून स्वतः बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, खणणं तुमचं काम. अर्थ लावणं आमचं. ती कड तासून सरळ करा."

सिंधूताईंनी तासली. स्वतःच्या हातांनी. पेवाचा अर्धा भाग बाजूच्या न खणलेल्या भिंतीत शिरला होता, तेवढा राहिला. त्या भिंतीचं नोंदीसाठीचं चित्र न काढताच दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवला गेला.

त्या विळ्यानं कारखानीसांना कुठल्या कुठं नेलं! इतकं जुनं लोखंड या भागात कुणालाच सापडलं नव्हतं. पुस्तकं झाली, पदकं झाली, परदेशात भाषणं झाली. हे जुळत नाही असं म्हणणारे दोन-चार जण होते; त्यांना पुढं कुठल्या समितीवर कुणी घेतलं नाही. साहेब गेले, आणि दोन वर्षांनी त्या दाण्यांची नव्यानं तपासणी झाली. दाणे हजार वर्षांनी अलीकडचे निघाले. मग एकच रण माजलं. कुणी साहेबांना ऋषी म्हणे, कुणी लबाड. आणि मधल्यामध्ये बिडवईंना दोष द्यायला मजूर सापडले.

बुलढाण्यात कारखानीसांच्या स्मरणार्थ सभा होती. सिंधूताई समताला घेऊन पहाटेच्या एसटीनं गेल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर त्या उठल्या. माईक कुणी दिला नाही, पण शेतातल्या बाईला माईक कशाला लागतो?

"त्या खड्ड्यात मी होतो! विळा माह्या हातानं निंगाला. पेवातला आहे म्हणून साहेबाले मी तवाच सांगतलं. त्यायनंच कड तासाले लावली. आता ते मेले तर दोष आमच्या बोडक्यावर काऊन?"

व्यासपीठावरून बिडवई हसून म्हणाले, "आजी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाही सांगून राह्यलो, बिडवई साहेब! माती सांगून राह्यलो!"

आयोजकांच्या दोन पोरांनी त्यांना हळूच बाहेर आणलं. मागोमाग अनुपमा नावाची तरुण संशोधक धावत आली. "ताई, त्या खड्ड्याच्या कडेची न खणलेली भिंत अजून असेल?"

"कुठं जाते? पांढरीले काय पाय हायेत?"

परवानगी निघायला आठ महिने गेले. अनुपमानं तो खड्डा पुन्हा उघडला. सिंधूताई गुडघे धरत खाली उतरल्या आणि खुरपीनं भिंत हलकेच खरवडू लागल्या. अर्ध्या तासात करड्या मातीची गोल रेघ उमटली, वरच्या थरातून निघून थेट तळापर्यंत गेलेली. अनुपमा आनंदानं ओरडली. सिंधूताई खालीच बसल्या. इतकी वर्षं त्यांनी साहेबांवरचा राग गिळला होता, तो आता अनावर झाला. "शिकवलं तुमीच ना हो मले," त्या भिंतीला म्हणाल्या, "मंग खोटं काऊन करवलं माह्याच हातानं?"

अनुपमाचा लेख छापून आला. त्यात सिंधूताईंचं नाव होतं, साक्षही होती. त्यानंतर एका रविवारी बिडवईंची गाडी भीमनगरात आली. सोबत फोटोग्राफर, हातात शाल आणि नारळ.

"ताई, विज्ञानाला तुमचा हातभार मोठा. छोटासा सत्कार करावा म्हटलं."

सिंधूताई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. "निष्काळजी मजूर असं तुमी पेपरात बोलले. तर पेपरातच बोला, चुकलो म्हणून. त्या खड्ड्यात आमी अकरा बाया होतो. चौघी मेल्या. त्यायच्या लेकरायनंबी वाचलं थे."

"तेव्हा मी 'असावी' असं म्हटलं होतं..."

"मंग आता 'नव्हती' म्हणा!"

शाल ओट्यावर ठेवून बिडवई निघाले. समतानं ती उचलून गाडीच्या टपावर ठेवली. गाडी तशीच सुटली, वळणावर शाल खाली पडली, आणि नारळ घेऊन फोटोग्राफर मागच्या सीटवर खाली मान घालून बसला होता.

सावळटेकला आता छोटं संग्रहालय होतंय. त्याला कारखानीसांचं नाव द्यायला सिंधूताईंचा विरोध नाही. एवढं खणून घेतलं ते साहेबांनीच, असं त्या म्हणतात. बिडवईंची माफी अजून छापून आलेली नाही. समता रोज पेपर आणते. सिंधूताई आधी विचारतात, "आलं का?" आणि नाही म्हटलं की दिवसभर कुणाशी नीट बोलत नाहीत.