पेटी वाढवा की

कोल्हापुरात साउंडचं काम करताना मी सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे 'माझा आवाज वाढवा'. गायकाला गाणं कमी वाटतं, तबलजीला तबला, आणि निवेदकाला तर कितीही वाढवा, कमीच. प्रत्येकाचं ऐकत बसलं तर हॉलमध्ये कुणी थांबायचं नाही. म्हणून आम्ही एक लबाडी करतो. मिक्सरवर प्रत्येक माइकची वर-खाली सरकणारी पट्टी असते. मागणी आली की जिला काहीच जोडलेलं नाही अशी पट्टी वर सरकवायची आणि विचारायचं, "आता?" बहुतेकांना लगेच बरं वाटतं.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी जयसिंगपूरच्या एका जोडप्याचा कार्यक्रम होता. काकू निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर घरात आणि बायकांच्या भजनात गायलेल्या, स्टेजवर मात्र पहिल्यांदाच. लेकीनं हट्टानं घडवून आणलं होतं. पेटीवर साथीला काका. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान.

कार्यक्रमाआधी आवाज जुळवायला बसलो. दोन ओळी झाल्या नाहीत तोच काका म्हणाले, "पावणं, पेटी वाढवा की."

मी शेवटची रिकामी पट्टी सरकवली.

"व्हय. आता कसं!"

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळी मात्र काका उठले आणि स्टेज उतरून थेट माझ्या टेबलापाशी आले. माइक जोडलेल्या प्रत्येक पट्टीखाली मी चिकटपट्टीवर नावं लिहिली होती. ती त्यांनी चष्मा सावरत एकेक करून वाचली.

"पेटी हितं हाय. मग मगापासनं ती कडंची का सरकवताय? तिच्यावर तर काय लिवलेलं न्हाय."

दुकानदाराची नजर. मी सापडलो.

"काका, खरं सांगू का? पेटी आधीच जास्त आहे. काकूंचा आवाज तिच्याखाली दबतोय."

"चाळीस वर्सं वाजवतोय मी तिच्यासंगं," ते तडकून म्हणाले. "तुमी सांगताय मला?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी काकूंना आणि तबलजीला चालू ठेवायची खूण केली, हेडफोन काकांच्या कानांवर चढवला आणि त्यात फक्त काकूंचा माइक सोडला. काकू कानडी संतांचं वचन म्हणत होत्या. काका आधी घुश्शात उभे होते. मग हळूच खुर्चीच्या कडेला टेकले. एका शब्दावर काकूंनी स्वरांची अगदी बारीक हरकत घेतली, श्वासाएवढी.

"हे ती रोजच करती काय?" काकांनी विचारलं. कानावर हेडफोन असलेला माणूस बोलतो तसं, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

काकू थांबल्या. "काय करते मी रोज?"

काका उठले. हेडफोन माझ्या हातात देत म्हणाले, "पेटी खाली घ्या. खऱ्या पट्टीनं."

मला तेवढंही करावं लागलं नाही. कार्यक्रमात काका इतकं हलकं वाजवत होते की काकूंनी दोनदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या रांगेपर्यंत काकूंचा शब्द न् शब्द पोचत होता. शेवटचं वचन संपल्यावर टाळ्या थांबेनात.

बायकांच्या घोळक्यातून सुटका होताच काकू माझ्याकडे आल्या. आवाज वर्गातला.

"यांची पेटी मुद्दाम कमी केलीत ना?"

मी काकांकडे पाहिलं. ते पेटी बंद करत होते.

"मीच सांगिटलं त्यांना," ते मान वर न करता म्हणाले. "तुझं ऐकायचं हुतं."

"मग इतकी वर्षं शेजारी बसून काय करत होतात?"

"वाजवत हुतो की."

काकूंना हसू आवरेना. त्यांच्या मागं आम्हीही हसलो.

निघताना काका जरा मागं रेंगाळले. रेकॉर्डिंगमधला नुसता तिचा आवाज वेगळा मिळतो का, असं त्यांनी हळूच विचारलं. मिळतो, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तो पाठवून दिला.