आकडा पन्नास

माणसावर संशय घ्यायला मला फारसं कारण लागत नसे. त्याचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त असलं की पुरे. आणि नववीतून शाळा सोडलेल्याच्या भोवती अशी माणसं काही कमी नसतात.

मी मूळचा बुलढाण्याकडचा. बोअरवेलच्या गाडीबरोबर कोकणात उतरलो, मालवणात तापाने आडवा झालो, आणि गाडी पुढच्या कामावर निघून गेली. ज्या दुकानाच्या पायरीवर मी अंग टाकलं होतं ते कॉम्प्युटरचं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, शाळेचे निकाल छापून द्यायचं. मालक आणि त्यांची बायको, दोघं पन्नाशीतली. मी त्यांना काका-काकी म्हणू लागलो. काकींनी चार दिवस पेज पाजली, वर माळ्यावर चटई दिली. बरा झालो तेव्हा काकांनी विचारलं, "शिकलंस किती?" मी म्हणालो, "दहावी." का म्हणालो कोण जाणे. त्यांनी दाखला मागितला नाही, आणि ते कधी मागतील या धाकात माझी पुढची सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत मी त्या दुकानात टायपिंग शिकलो, प्रिंटर खोलायला शिकलो, आणि मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांवरून मोबाइलसाठी छोटे प्रोग्रॅम बनवायला शिकलो. तेव्हा साधे बटणांचे फोन होते. त्यावर चालणारा जावा प्रोग्रॅम म्हणजे मोठी गोष्ट. दोन हजार नऊ साली मच्छीमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष दुकानात आले आणि काकांना म्हणाले, "भरती-सुकतीचे वेळा मोबाइलात घालून गावतले काय? मराठीत होये. माज्या लोकांका इंग्रजी आकडे बघल्यार चष्मो लागता."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो करतलो."

"ह्यो? घाटयो? ह्येका सुकती म्हणजे काय ता तरी म्हायत आसा?"

"समुद्र आत गेला की सुकती," मी म्हणालो.

"समुद्र खंय जाणा नाय रे बाबा, पाणी जाता," अध्यक्ष म्हणाले आणि हसत हसत काम देऊन गेले. दसऱ्याला सोसायटीची सभा होती, त्या दिवशी ते सगळ्यांच्या फोनवर घालायचं ठरलं.

दुकानात आणखी एक जण होता. इन्सुली गावचा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, माझ्याच वयाचा. आठवडाभर मालवणात खोली करून राही, शनिवारी गावी जाई. काकांनी त्याला पावसाळ्याच्या तोंडावर ठेवलं होतं. तो कामाचा होता, उगाच बोलत नसे. मला हेच खटके. दोन माणसांचं काम या दुकानात कुठे होतं? डिप्लोमावाला ठेवून घेतला म्हणजे नववीवाल्याचे दिवस भरले, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात त्याने माझ्या मशीनवर, त्याच्या कसल्याशा कामासाठी, जावाचा नवा कंपायलर घातला होता. माझा जुना होताच. दोन्ही शेजारी शेजारी होते, आणि मी त्याच्या नव्याला हातही लावत नसे.

नवरात्रात, षष्ठीच्या दिवशी, मी अध्यक्षांच्या घरी गेलो होतो. त्यांनी माझ्या वेळा होडीवरच्या जुन्या माणसाला दाखवल्या होत्या आणि पुढच्या दोन महिन्यांतल्या बऱ्याच वेळा चुकल्या होत्या, काही तर तासाने. "ह्या वेळेर इस्वास ठेवन कोण गेलो तर होडी खडकार बसतली," ते म्हणाले. मी दुरुस्त्या लिहून आणल्या. दुसऱ्या दिवशी आकडे बदलले आणि बिल्ड चालवला, म्हणजे बदललेला प्रोग्रॅम फोनसाठी पुन्हा बांधायला घातला.

बिल्ड पडला.

कंपायलर मी लिहिलेलं फोनच्या भाषेत उतरवून देतो, आणि त्यावर एक तपासणी होते. तपासणीत बसलं तरच फोन ते घेतो. तपासणीने माझी वेळांची फाइल परत फेकली होती. इंग्रजीत चार ओळी. मी त्या ओळी वाचायच्या भानगडीत पडलो नाही. इंग्रजी एरर म्हणजे मला शाळेतल्या मास्तरांची शिवी वाटे, ऐकायची आणि मान खाली घालायची. मी पेनड्राइव्हवरची परवाची प्रत आणून टाकली. ती ठणठणीत चालली. मग तिच्यात आकडे बदलले. पडली.

आता इथून पुढचं लिहायला मला अजून लाज वाटते. ज्या फाइलला माझा हात लागे तीच बिघडे. न लावलेल्या सगळ्या जशाच्या तशा. आमच्याकडे पडद्यावर मराठी अक्षरं काढणारी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम होता, ती शांत चालत होती. मी म्हटलं, बघू तरी तिच्यात कोणी काही घातलंय का. तिच्यातली एक ओळ मागे-पुढे केली. तीही पडली. म्हणजे कोणीतरी नेमका माझ्या मागावर होता. नाहीतर मशीनला काहून कळणार, कोणती फाइल माझी?

मी एक वही केली. प्रत्येक वेळी काय झालं ते लिहायचं: वेळ, फाइल, एररच्या चार ओळी जशाच्या तशा, आणि तेव्हा इन्सुलीवाला कुठे होता. 'जेवून आला. लगेच पडली.' 'माझ्या खुर्चीमागून गेला. पडली.' 'चहाला गेला होता. तरी पडली. जाण्याआधी काही करून गेला असेल.' मी मशीनचा पासवर्ड बदलला. टेबलावरचा माउस मुद्दाम तिरका ठेवून पाणी प्यायला गेलो आणि परत येऊन पाहिलं. माउस तिरकाच होता. मला वाटलं, हुशार आहे, परत तसाच ठेवतो.

अष्टमीला मी काकांना सांगितलं. तो समोर बसलेला असताना.

"काका, माझ्या फाइली कोणीतरी बिघडवतंय. आणि या दुकानात तिसरं कोण येतं?"

काकांनी चष्मा कपाळावर केला. इन्सुलीवाला आधी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्यार आळ घेतंस?"

"मी नाव घेतलं नाही."

"नाव कशाक होया? भिंतीयेर घेतंस काय मगे?" तो उठून उभा राहिला आणि मालवणी सोडून एकदम शुद्ध मराठीत आला, बँकेत बोलतात तसा. "ठीक आहे. काका, याने दहावी केली म्हणून सांगितलंय ना? निकाल छापायच्या वेळी मी विचारलं होतं, कोणत्या वर्षी, कोणतं बोर्ड. याला सांगता येईना. मी गप्प राहिलो. आज तो मला चोर म्हणतोय. याचा दाखला मागवा."

 काकी आतून बाहेर आल्या होत्या, हाताला कणीक लागलेली.

काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दसरो होवंदे. अध्यक्षाचा काम जावंदे. मगे दोघांचाय बघतंय. जो खोटो ठरात तो हयसून जातलो, मगे तो कोणय असो."

त्या दिवशी मी जेवलो नाही. काकींनी माळ्याखालून हाक मारली, "रे झिला, सोलकढी ठेवलंय गो तुका," आणि आपणच हसल्या, कारण 'गो' बाईला म्हणतात. मला हसू आलं नाही. या बाईच्या पेजेवर मी उभा राहिलो होतो, आणि परवा तिच्याच दारातून पिशवी घेऊन निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या भागात त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि पुजलेल्या हत्याराला दिवसभर हात लावत नाहीत. सुतार करवतीला लावत नाही, मच्छीमार कोयत्याला लावत नाही. आमची हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर. सकाळी काकींनी तिन्ही मशीनना, दोन्ही प्रिंटरना झेंडूच्या माळा, हळदकुंकू सगळं केलं. की-बोर्डवर अक्षता. मी काकुळतीला आलो. "काकी, उद्या द्यायचंय. एक तास."

"एक मिनिट नाय. तुजा हत्यार आज देव आसा."

म्हणून मी दिवसभर दुकानात बसून राहिलो, समोर फुलांत मढलेली मशीन आणि मांडीवर वही. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून वही वाचली. पहिल्यांदा मी ती वाचत होतो. आधी नुसती लिहीत होतो.

आरतीला इन्सुलीवाला आला. सण होता, यायलाच हवं. आरती झाली, काकी नैवेद्याचं ताट घेऊन आत गेल्या, आणि मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात वही खुर्चीवर राहिली. परत आलो तो ती त्याच्या हातात होती.

तो उभ्याउभ्या वाचत होता. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मी कुठे बघावं कळेना.

"'चहाला गेला होता. तरी पडली,'" त्याने मोठ्याने वाचलं. "वा. चहाक जावचो पण गुन्हो."

मी वही घ्यायला हात पुढे केला. त्याने दिली नाही.

"आणि ह्या काय? माझी चप्पल खंय होती ता पण लिवलंस?"

"हो."

"मेल्या, पोलिसात जा. हय फुकट जातंस." पण तो थांबला. त्याचं बोट एररच्या ओळीवर होतं. पुढच्या पानावरच्या ओळीवर गेलं. मग त्याच्या पुढच्या. "हा पन्नास आकडा प्रत्येक ठिकाणी आहे," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "बघितलास?"

मी बघितला नव्हता. सगळ्या ओळी मी स्वतःच्या हाताने उतरवल्या होत्या.

"कंपायलर जे लिहितो त्यावर आपला नंबर टाकतो. पन्नास म्हणजे नवा. मी घातलेला. तुझ्या तपासणीला आणि त्या जुन्या फोनना अठ्ठेचाळीसच्या वरचं कळत नाही. तू जी फाइल बदलतोस तेवढीच नव्याने कंपाइल होते, म्हणून तीच पडते. बाकीच्या जुन्याने केलेल्या तशाच पडून आहेत." त्याने वही मिटली. "पण तू तर जुना वापरतोस. माझा का चालला?"

मी म्हणालो, "मी काही बदललं नाही."

"मीही नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात एक पाल चुकचुकलीच: हे त्याला इतकं नीट कसं माहीत?

काकी शिऱ्याच्या वाट्या घेऊन बाहेर आल्या. "काय झाला? भांडतास काय सणाचे दिवशी?"

त्याने विचारलं, "काकी, या मशीनवरून कोणी काही काढलं काय?"

"होय तर. मियाच काढलंय." त्या वाट्या ठेवत म्हणाल्या. "षष्ठीक, साफसफाई केली तेव्हा. हत्यारां पुजूची तर आधी साफ करूक नको? जागा भरली म्हणान मशीन सांगी होता. यादीत बघलंय तर एकाच नावाचे दोन, एक जुनो, एक नवो. जुनो काढलंय. घरात दोन कोयते असले तर गंजको आपण देवासमोर ठेवतंव काय?"

जुना कंपायलर गेला म्हणून मशीनने आपोआप शेजारचा नवा उचलला होता. काकी दुकानातलं टायपिंग गेली दहा वर्षं करत होत्या, मशीनवरून काय कसं काढायचं ते त्यांना माझ्याआधी येत होतं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या. "काय गो बाय, माजा चुकला काय?" त्या स्वतःलाच म्हणाल्या.

"नाही काकी," मी म्हणालो. "माझं."

दसऱ्याला सकाळी फुलं उतरली. जुना कंपायलर परत घालायची सीडी मिळेना. इन्सुलीवाला लांबून, आपल्या खुर्चीतून म्हणाला, "नव्यालाच सांग जुन्या पद्धतीने लिहायला. बिल्डच्या फाइलीत एक ओळ." त्याने ती अक्षर-अक्षर सांगितली, मी टाइप केली, आणि सगळ्या फाइली पहिल्यापासून कंपाइल केल्या. चालल्या. काकींच्या फोनवर घातलं, त्या दिवसाची भरती मराठीत उमटली. अध्यक्ष आले, त्यांनी स्वतःच्या कागदाशी वेळा ताडून पाहिल्या, दोन-तीनदा पाहिल्या, आणि म्हणाले, "घाटयो पास झालो." 'पास' म्हटल्यावर मी काकांकडे न बघता उतरलेली फुलं गोळा करू लागलो.

ते गेल्यावर मी काकांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. नववी. तीही पुरी नाही.

काका आपट्याच्या पानांची जुडी सोडवू लागले. "नववी काय, दहावी काय, माका त्याचा लोणचा घालूचा नाय," ते म्हणाले. "सहा वर्सां माज्या घरात जेवलंस आणि माका खोटा सांगीत रवलंस, ता लागला. तरी ऱ्हव. जावचा झाल्यार तुया जा, मी घालवचंय नाय. पण ह्येच्यार आळ घेतलंस, ता ह्येका इचार, तुज्याबरोबर बसतलो काय."

मी आपट्याची पानं घेऊन त्याच्याकडे गेलो. चूक झाली म्हणालो. त्याने पानं घेतली, दुसऱ्या हाताने मला दिली. "सण आसा म्हणान," तो म्हणाला. मग काकांना म्हणाला, "बसतो. पण याला पाठ करून नाही बसणार. टेबल फिरवतो."

टेबल जड होतं, सागवानी, एकट्याने उचलणं शक्य नव्हतं. त्याने एक बाजू धरली. मी दुसरी धरली. "जरा तुझ्याकडून उचल," तो म्हणाला. मी उचलली. "अजून. तिथे नाही, इकडे."

त्याने ते अशा कोनात लावलं की माझा स्क्रीन त्याला पुरता दिसेल आणि त्याचा मला दिसणार नाही. मग वाकून एका पायाखाली पुठ्ठा सारला, टेबल हलतंय का ते दाबून पाहिलं, आणि बसला.  मी माझ्या जागी जाऊन बसलो.