चोवीस इंचांपुढे

आमच्या कटर मशीनचं गाइड चोवीस इंचांवर थांबायचं. गाइड म्हणजे ब्लेडला समांतर बसवलेली लोखंडी पट्टी. तिला टेकवून प्लाय पुढे सरकवायचा; ती ब्लेडपासून जितकी लांब, तितका रुंद काप निघतो. राजपुऱ्यातल्या एका कोचिंग क्लासला टेबलांचे वरचे फळे हवे होते, चार फूट लांब आणि तीस इंच रुंद. मागच्या खेपेला हातकटरने कापलेले काठ वाकडे आले होते. या वेळी तसं झालं तर पुढचं काम दुसरीकडे, असं क्लासवाले मिस्त्रींना तोंडावर सांगून गेले.

हा सुतारखाना मिस्त्रींचा. ते इथलेच, मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली, आणि भटकत इथवर आलो तेव्हा त्यांनी दाखला-बिखला विचारला नाही, सरळ हातात रंधा दिला. म्हणूनच त्यांची वस्तू आपल्या हातून बिघडेल ही धास्ती मला रोजची.

त्या दिवशी मशीनपुढे उकिडवा बसून बघत राहिलो. गाइड दोन पाइपांवर सरकतं. ते टेबलाला पुढून-मागून बोल्टने बसवलेले. म्हणजे टेबल अडवत नव्हतं, पाइप संपत होता. आणि ब्लेडच्या डावीकडे तोच पाइप वीतभर रिकामा पडून होता, तिकडे गाइड आम्ही कधी नेतच नाही. मग पाइपच उजवीकडे सरकवला तर? मी मिस्त्रींना विचारलं.

तेही शेजारी उकिडवे बसले. "सरकेल ना भो. पण पाइपाला भोकं नवी पाडावी लागतील. चुकली की चाळण."

पाइप उजवीकडे न्यायचा तर नवी भोकं जुन्यांच्या डावीकडे, हे डोक्यात बसायलाच मला वेळ लागला. मिस्त्रींच्या टेपचं टोक ढिलं आहे, म्हणून ते माप नेहमी एक इंचापासून धरतात. त्यांनी एकचा आकडा जुन्या भोकावर ठेवला, मी सहावर खूण केली. तो जादा इंच मी धरेन असं त्यांना वाटलं, ते धरतील असं मला. पुढच्या पाइपाला ड्रिल मारून बोल्ट कसले, गाइड टोकाला नेलं, मोजलं. एकोणतीस.

मी टेप मिस्त्रींपुढे धरला. मिस्त्रींनी परत मोजलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागले.

"एक इंच आपण दोघांनी मिळून खाल्ला. टेन्शन नको घेऊ, बाजूला दुसरं पाड. एकोणतीसवालं गिऱ्हाईक आलं तर पहिलं आहेच."

दुसऱ्या भोकांनी पाइप बसला. मागचाही बसला. ब्लेडच्या पुढच्या दातापासून आणि मागच्या दातापासून गाइडचं अंतर मोजलं, अर्धा सूत, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाइतका फरक निघाला. बोल्ट ढिला करून पाइप हातोडीने हळूच ठोकला. पाइपावरची मापपट्टीही पाइपासोबत सरकलेली, त्यामुळे खरे तीस झाले तरी ती चोवीसच दाखवत होती. मला त्याची गंमत वाटत राहिली. आकडा खोटा, काप खरा.

पहिली शीट दोघांनी धरून ढकलली. फळा निघाला तसा मिस्त्रींनी काठावरून नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख कुठे अडलं नाही.

"बाकीच्या तू काप," म्हणाले, आणि शीट धरायला स्वतः मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

पाइप आता दाराच्या वाटेत आलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कमरेला लागतो, म्हणून मी त्याच्या टोकाला लाल चिंधी बांधली आहे.